पाटी-पेन्सिलीच्या आधी

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात मी आधी अंगणवाडी सेविका होते, पुढे नव्या सेविकांना शिकवायला लागले. तीन ते सहा वर्षांची मुलं, एवढंच माझं काम. प्रशिक्षणाला येणाऱ्या मुली वही उघडून बसतात आणि गाणी, खेळ, वेळापत्रक असं काही उतरवून घ्यायला मागतात. ते सगळं छापील मिळतं. जे वाचून पटत नाही, चार मुलं हाताखालून गेली की मगच पटतं, ते इथे लिहिते आहे. आठवलं तसं लिहिलंय, त्यामुळे क्रमाला फार अर्थ नाही.

१. पेन्सिल उशिरा आली तरी बिघडत नाही

जून उजाडला की पहिला प्रश्न हाच: "बाई, अ आ इ कधी शिकवणार?" मूल धड तीन वर्षांचंही नसतं. पण गावात आता इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी येते. त्या गाडीतून जाणाऱ्या शेजारच्या पोराच्या दप्तरात चार वह्या असतात, वह्यांत एबीसीडीच्या ओळीच्या ओळी. ते पाहून आपलं लेकरू मागे पडलं अशी धास्ती आईला बसते. तिची काळजी खरी असते, तिला झिडकारून चालत नाही. मी तिच्यासमोर तिच्याच मुलाचं मनगट धरते.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा त्यातलं एकही हाड पक्कं नसतं, सगळी मऊ कूर्चा. ती एकेक करत वर्षांमागून वर्षं घट्ट होत जातात आणि शेवटच्या हाडाला आठ-नऊ वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. हाताचा एक्स-रे पाहून डॉक्टर मुलाच्या वाढीचा अंदाज बांधतात तो यावरूनच. तीन वर्षांच्या मुलाची बहुधा निम्मीही झालेली नसतात. बोटांचे बारीक स्नायू, डोळ्याचा आणि हाताचा मेळ, हेही अजून व्हायचंच असतं. अशा हातानं दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवायचं म्हणजे मूल सगळ्या अंगानं लिहितं. खांदा वर चढतो, जीभ बाहेर येते, पेन्सिल मुठीत आवळली जाते आणि टोक मोडतं. पानभर असं लिहिल्यावर अक्षर आलं की नाही कोण जाणे, वहीचा धसका मात्र बसतो.

मग या वयात हातानं करायचं काय? आमच्याकडे भुईमुगाच्या शेंगा असायच्या. शेंग सोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाकडे एकदा नीट बसून पाहावं. आधी तो ती मुठीत दाबतो, काही होत नाही. मग दातात धरतो. मग दोन्ही अंगठे शेंगेच्या मधोमध ठेवून जोर लावतो आणि दाणे चौफेर उडतात. शेजारची मुलगी शेंगेचं चोचीसारखं टोक दाबते आणि ती अलगद उघडते, हे त्याला दिसतं. तो काही विचारत नाही. पुढची शेंग उलटी करून टोक शोधतो. चिमटीत जोर किती लावायचा, कुठे लावायचा, कधी सोडायचा, हे सगळं त्या एका शेंगेत येतं. पेन्सिल धरायलाही हेच लागतं.

तूर, वाल, वाटाणा, जो हंगाम असेल ते सोलायला ठेवावं. चिंचोके वेचणं, बांगड्यांच्या तुकड्यांनी नक्षी, सुतळीत मणी ओवणं, ओलं फडकं पिळणं, एका तांब्यातून दुसऱ्यात न सांडता पाणी ओतणं, चिखलाचे बैल करणं. लिहिण्याची सुरुवात करायची तर आधी फरशीवर ओल्या फडक्यानं मोठे गोल काढू द्यावेत, अख्खा हात फिरेल असे. मग खडूनं थोडे लहान. हाताची हालचाल खांद्याकडून बोटांकडे उतरत येते, तिला उतरायला वेळ द्यावा. आणि मूल डावखुरं असेल तर त्याचा हात बदलू नये. जेवताना उजवा हात वापरायचा की नाही हे घरचे पाहतील, रेघ त्याला हवी त्या हातानं मारू द्या.

२. रडणाऱ्या मुलाशी खोटं बोलू नये

नव्या मुलाचे पहिले काही दिवस सगळ्यांना जड जातात. आई म्हणते, "मी आत्ता आले, विहिरीवरून पाणी घेऊन येते," आणि मागच्या बाजूनं निघून जाते. मूल हंबरडा फोडतं. थकून गप्प झालं की सगळे म्हणतात, रुळलं. ते रुळलेलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून ते खेळत नाही, दाराकडे पाठ करत नाही, पाणी प्यायला उठतानाही आईचा पदर सोडत नाही.

आम्ही आईला पहिले काही दिवस आत बसवायचो. तिनं तांदूळ निवडावेत, मूल तिच्या मांडीवर असू दे. मग तिनं दाराशी बसावं. मग एक दिवस मुलाच्या डोळ्यांकडे पाहून सांगावं की मी शेतात जाते, तुमची खिचडी खाऊन झाली की येते. आणि खिचडीनंतर तिनं यायलाच हवं, पाऊस असो की कापणी. मुलाला अकरा वाजलेले कळत नाहीत, खिचडी झालेली कळते.

एक मुलगी होती, आईची जुनी ओढणी गळ्यात घालून यायची. दर थोड्या वेळानं माझ्याजवळ येऊन विचारायची, "मनी माय येई ना?" मी दर वेळी म्हणायचे, "येई. खिचडी झाली की येई." मदतनीस मावशी म्हणायच्या, किती वेळा तेच ते उत्तर द्यायचं. तितक्या वेळा द्यायचं, कारण ती उत्तर ऐकत नव्हती, उत्तर बदलतंय का ते पाहत होती. पुढे ती दुसऱ्या रडणाऱ्या पोराला स्वतःच सांगायला लागली, खिचडी झाली की येई. ओढणी खुंटीला लागली ती वर्षभर तिथेच होती, आम्ही ती घरी पाठवली नाही.

"रडू नको, शहाणं बाळ रडतं का" हे वाक्य मी माझ्या सेविकांना वापरू दिलं नाही. आईपासून पहिल्यांदा दूर झालेलं मूल रडणारच. त्यात वेडं-शहाणं काही नाही. "आईची आठवण येतेय ना" म्हणून जवळ घ्यावं.

३. घरची बोली दाराबाहेर ठेवायला लावू नका

आमच्या भागात घराघरात अहिराणी. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात भिल्ली, कोकणी, मावची. आणि अंगणवाडीच्या भिंतीवर पुस्तकी मराठी. मूल दोन-दोन महिने तोंड उघडत नाही. सेविका नोंदवहीत लिहिते, "बोलत नाही." तेच मूल घराच्या ओट्यावर आजीशी तासभर भांडतं, बकरीला ओरडतं, म्हशीच्या पारडाला नाव ठेवतं. बोलतं ते घरी, गप्प होतं ते आपल्या खोलीत, तेव्हा शोध आपल्या खोलीत घ्यायचा.

असाच एक मुलगा एका दुपारी माझा पदर ओढून म्हणाला, "माले भूक लागनी." त्याचं अंगणवाडीतलं ते पहिलं वाक्य. बाजूला बसलेली नवी सेविका लगेच म्हणाली, "असं नाही, मला भूक लागली म्हण." मी तिला हातानंच थांबवलं आणि त्याला अहिराणीतच विचारलं, काय खाशी? त्यानं मग भाकरी, ठेचा, आणि काल मामाच्या घरी काय काय खाल्लं ते सगळं सांगितलं. त्या दिवशी दुरुस्ती केली असती तर तो पुन्हा कधी बोलला असता, मला सांगता येत नाही.

मराठी येतेच. गाण्यांतून येते, गोष्टींतून येते, बाई बोलतात त्यातून येते. सेविकेनं मुलाचं वाक्य अहिराणीत ऐकावं आणि उत्तर देताना सहज मराठीत म्हणावं, "भूक लागली होय? चल, हात धुऊ." मूल दोन्ही पकडतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही सुरुवातीच्या वर्षांत घरच्या भाषेवर भर दिला आहे. सेविका त्याच गावची असावी हा नियम मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. तिला मुलाची बोली शिकावी लागत नाही, तिला ती फक्त लपवू नये असं सांगावं लागतं.

४. शंभरपर्यंत म्हणणं आणि पाच मोजणं ही दोन वेगळी कामं

तपासणीला साहेब आले की एखादं मूल उभं करतात आणि ते घडाघडा एक ते पन्नास म्हणतं. साहेब खूश होतात. साहेब गेल्यावर त्याच मुलाला मी म्हटलं, मला पाच चिंचोके दे. त्यानं मूठभर आणून दिले. मोज म्हटलं तर बोट एकीकडे, तोंड दुसरीकडे, एक चिंचोका दोनदा मोजला, दोन सुटले. शेवटी "सात" म्हणाला. किती झाले विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजेच एकूण, हे त्याला अजून उमगायचं होतं. ते सांगून उमगत नाही.

आमचं गणित जेवणाच्या पंगतीत व्हायचं. ताटल्या मांडायचं काम मुलांचंच. प्रत्येकापुढे एक. कमी पडली की कुणीतरी ओरडणार, उरली की आज कोण आलं नाही याचा शोध. मग चमचे, मग केळी. केळी कमी असली की अर्धं करायचं. वाढप्या मुलांना एक एक जोडी लावणं, कमी-जास्त, समान वाटणी हे सगळं रोज येतं आणि त्याला खरं कारण असतं, कारण केळं न मिळालेलं मूल गप्प बसत नाही.

स्वित्झर्लंडच्या झाँ पियाजेनं मुलांच्या विचारांवर आयुष्यभर काम केलं. त्याचा पाण्याचा प्रयोग मी प्रत्येक प्रशिक्षणात करून दाखवायला लावते. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी. मूल म्हणतं, सारखंच आहे. त्यातलं एक त्याच्या डोळ्यांदेखत उंच निमुळत्या बाटलीत ओतायचं. आता जास्त कशात? चार वर्षांचं मूल बहुधा बाटलीकडे बोट दाखवतं. सहा-सात वर्षांचं हसतं आणि सांगतं, तेच तर पाणी आहे. सेविका आधी लहान मुलाला समजावू पाहतात, पुन्हा पेल्यात ओतून दाखवतात. मूल पुन्हा बाटलीच म्हणतं. ते हट्टी नाही की मंद नाही. त्याला दिसतं तसं ते सांगतंय. त्याच्या हातात आणखी पाणी, आणखी भांडी द्यावीत. ते पुढे आपोआप सरकतं.

५. पोट आधी

अंगणवाडी ज्या योजनेत चालते ती २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हा तिच्या सहा सेवांत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण एकत्र गुंफलं, ते फार शहाणपणाचं होतं. शिक्षण वेगळं आणि पोषण वेगळं असं या वयात करताच येत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून रोज किती उष्मांक आणि किती प्रथिनं मिळावीत याचा निकष ठरलेला आहे. खिचडीत डाळ किती पडते हे पाहणं म्हणूनच मला गाणं शिकवण्याइतकंच शिक्षणाचं काम वाटतं.

दिवाळी झाली की आमच्याकडची बरीच कुटुंबं कोयते घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुलं बरोबर जातात. पट भरलेला असतो आणि खोली रिकामी. होळीच्या पुढेमागे, कुणी थेट आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत येतं. परत आलेल्या मुलाला मी आधी वजनकाट्यावर ठेवत असे, मग दंडाला पट्टी लावत असे. पाच वर्षांखालच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला तर पट्टी लाल दाखवते, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. जाताना धावणारं मूल येताना भिंतीला टेकून बसतं. खेळायला बोलावलं तर नुसतं पाहतं. गेल्या वर्षी येत असलेली गाणी त्याला आठवत नाहीत. आता त्याला रंग आणि आकार विचारू नयेत. त्याला खायला द्यावं, आरोग्य केंद्रात दाखवावं, उन्हात बसवावं, कुणीतरी जवळ घ्यावं. खेळायला उठलं की समजावं सुरुवात झाली.

या मुलांसाठी उसाच्या फडावर काही सोय हवी असं मी जिथे संधी मिळेल तिथे बोलत आले. गावात पाच-सहा महिने मांडलेलं सगळं तिकडे पुसलं जातं, आणि त्यात त्या आईबापांचा काहीही दोष नाही.

६. साहित्य शेतात आणि उकिरड्याच्या कडेला पडलेलं असतं

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं ते सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत, दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. आज शहरात त्यांच्या नावाची पाटी बहुधा महागड्या शाळेवर दिसते. गरिबांच्या मुलांसाठी शोधलेली रीत गरिबांना परवडेनाशी व्हावी याचं मला फार वाईट वाटतं.

ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर ही रीत आपलीशी केली आणि १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, कारण कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या मागे गुरं. तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. आपण आज अंगणवाडी म्हणतो ती कल्पना तिथली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. विकतचं साहित्य बाजूला ठेवून बिया, शिंपले, पानं, खडे, काड्या यांनी तेच काम करून दाखवलं. मी कोसबाडला गेले तेव्हा तिथल्या कपाटातले बियांचे डबे पाहूनच मला धीर आला. आपल्याकडे साहित्य नाही असं त्यानंतर मी कधी म्हटलं नाही.

सरकारी संच येतो, चांगला असतो. पण बऱ्याच ठिकाणी तो कपाटात कुलूपबंद असतो, कारण हरवलं तर जबाबदारी कुणाची? माझं म्हणणं आहे, हरवू द्या, मोडू द्या. ठोकळा मोडला याची नोंद लिहायला सेविकेला घाबरायला लागू नये. वापरून मोडलेल्या ठोकळ्याचं कौतुक व्हायला हवं.

७. तीच गोष्ट पुन्हा सांगा

मुलं तीच गोष्ट मागतात. बाईला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पहिल्यांदा ऐकताना ती पुढे काय होतं त्यात अडकलेली असतात. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांना पुढचं ठाऊक असतं, आणि आता ती शब्द पकडतात, सूर पकडतात, आपण एखादं वाक्य गाळलं तर बरोबर अडवतात. त्या अडवण्यासाठी गोष्ट थोडी थांबत थांबत सांगावी. म्हातारी कुठे निघाली होती? आणि गप्प राहावं. दहा तोंडं एकदम बोलतात.

गोष्ट झाली की तात्पर्य विचारू नका. "म्हणून आपण काय शिकलो?" या प्रश्नानं मघाशी चमकणारे डोळे विझलेले मी इतक्यांदा पाहिलेत. विचारायचंच असेल तर विचारा, तू असतास तर कुठे लपला असतास?

चित्रांची पुस्तकं मुलांच्या हातात द्यावीत. ती उलटी धरतील, फाडतील, चिकटवायला आपण आहोत. एखादं मूल पुस्तक सरळ धरून, पान उलटत, स्वतःच्या मनानं गोष्ट "वाचू" लागतं तेव्हा अक्षर एकही येत नसलं तरी ते वाचनाच्या वाटेला लागलेलं असतं. ते दृश्य पालकांना मुद्दाम बोलावून दाखवावं.

८. भांडण

चावणं, ओढणं, ढकलणं होणारच. चावलेल्याला आधी जवळ घ्या, चावणाऱ्याला नंतर. "सॉरी म्हण" हा उपाय मला कधी पटला नाही, मूल शब्द टाकतं आणि पळतं. त्यापेक्षा त्याच्याकडून ओलं फडकं आणवून त्या हातावर ठेवून घ्यावं. आणि सारखं भांडण एकाच खेळण्यावरून होत असेल तर तसली दोन ठेवावीत. निम्मी भांडणं एवढ्यानंच जातात.

९. "मठ्ठ" म्हणण्याआधी कान पाहा

एक मुलगी सांगितलेलं ऐकायची नाही. हाक मारली तर वळायची नाही. गोष्टीच्या वेळी उठून जायची. घरचे म्हणायचे, डोक्यानं जरा कमी आहे. मावशींच्या लक्षात आलं की तिच्या उशीला वास येतो, आई सांगत होती, पावसाळ्यात कान वाहतो, पण ते तर सगळ्याच पोरांचं होतं. तिला मी समोर बसवून बोलले तर सगळं कळायचं, मागून बोलले तर काही नाही. तपासणीला आलेल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पुढे पाठवलं, औषधोपचार झाले. वर्षभरानं तीच मुलगी गोष्टीत सगळ्यात पुढे बसत होती, आणि शब्द तर असे भराभर आले की जणू साठवूनच ठेवले होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ते येण्याआधी सेविकेनं आपली यादी तयार ठेवावी. कोण चित्र डोळ्यांजवळ नेतं, कोण पायरी चढताना सारखं पडतं, कोण तीन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, कोण कुणाच्याच डोळ्यांत पाहत नाही. पथकाकडे प्रत्येक मुलासाठी काही मिनिटं असतात, सेविकेकडे रोजचे तास असतात. हे तिच्याइतकं कुणालाच दिसत नाही.

आपल्याकडे मठ्ठ, येडं, मुकं हे शब्द फार सहज निघतात, प्रेमानंसुद्धा निघतात. माझ्या खोलीत ते चालायचे नाहीत. आजोबांनाही मी थांबवलंय.

१०. पालकांना बोलावून सांगू नका, बोलावून करायला लावा

पालकसभा म्हणजे सतरंजीवर आया आणि खुर्चीवर बाई, असं असेल तर कुणी येत नाही. आम्ही सभा संध्याकाळी घ्यायचो, शेतातून माणसं परतल्यावर, आणि बापांना मुद्दाम बोलवायचो. भाषण नाही. मुलांचं जे काम दिवसा चालतं ते मोठ्यांपुढे मांडायचं. मणी ओवा. डोळे मिटून बिया ओळखा. डाव्या हातानं आपलं नाव लिहा. शेवटचं करताना मोठा माणूस घामाघूम होतो, अक्षर वेडंवाकडं येतं, सगळे हसतात. मग मी एवढंच म्हणते, तीन वर्षांच्या मुलाला उजव्या हातानंही असंच होतं. त्यानंतर अ आ इ ची तक्रार महिनाभर तरी येत नाही.

घरी काय शिकवू, असं आया विचारतात. शिकवू नका, सोबत घ्या. भाकरी थापताना एक गोळा त्याला द्या. बाजारातून आणलेली भाजी त्याला वेगवेगळी करू द्या. चालताना बोला. मोबाइल हातात देऊन गप्प केलेलं मूल त्या वेळात कुणाशीच बोलत नाही, आणि भाषा तर माणसाशी बोलूनच येते. रात्री एक गोष्ट. ज्यांना वाचता येत नाही त्या आयांकडे तर गोष्टींचा साठा माझ्याहून मोठा असतो, त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

११. सेविकेचे दोन तास

शेवटचं सेविकांबद्दल, आणि हे मी त्यांना नाही, त्यांच्या वरच्यांना सांगते. शिक्षण हक्क कायद्याचं वय ६ ते १४ आहे, त्यामुळे तीन ते सहाच्या मुलांचं शिक्षण आजही हक्काच्या बाहेरच उभं आहे. २०२० च्या धोरणानं ३ ते ८ हा सलग पायाभूत टप्पा मानला, ते योग्यच केलं. पण त्यातली पहिली तीन वर्षं ज्या बाईच्या हातात आहेत तिला मानधन मिळतं, पगार नाही. आणि तिच्या कामाची यादी पाहा. गर्भवतींच्या भेटी, लसीकरणाची हाक, घरपोच आहाराचं वाटप, वजनं, सर्वेक्षणं, नोंदवह्या, वर पोषण ट्रॅकर ॲपमध्ये तीच माहिती पुन्हा. डोंगरात रेंज नसते, मग ती मोबाइल घेऊन टेकाडावर जाते आणि मुलं मावशींच्या ताब्यात.

सकाळी दहा ते बारा कुणीही तिच्याकडे काही मागू नये. फोन नको, माहिती नको, बैठक नको, पाहुणे नकोत. वजनं आणि नोंदी दुपारी होऊ शकतात, गोष्ट दुपारी होत नाही, तोवर मुलं पेंगुळलेली असतात. साक्रीत काही पर्यवेक्षिकांनी आपल्यापुरतं हे पाळायला सुरुवात केली, साडेबाराच्या आत त्या सेविकेला फोनच करत नाहीत. सगळ्या तालुक्यांत तसा आदेश निघावा, लेखी, तारखेसह, अशी माझी मागणी आहे आणि ती मी प्रत्येक प्रशिक्षणानंतरच्या अहवालात लिहीत आले आहे.